शोकनायकाचा घातक दोष संहितेत नेमका कुठे सापडतो?

तिसरी_घंटा:

ग्रीक शोकांतिका आणि शेक्सपिअर एकापाठोपाठ वाचू लागलं की ठरलेला एक तक्ता हाती येतो. मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लो म्हणजे मत्सर, हॅम्लेट म्हणजे चालढकल, लिअर म्हणजे अहंकार, ईडिपस म्हणजे गर्व. परीक्षेत हा तक्ता चालतो, संहितेपुढे टिकत नाही. चेटकिणींचं भाकीत मॅकबेथच्या शेजारी उभा असलेला बँकोही ऐकतो. तुझे वंशज राजे होतील, असं त्यालाही सांगितलं जातं. तरी तो कोणाच्या जिवावर उठत नाही. हॅम्लेटला चालढकल करणारा म्हणावं, तर आईच्या महालात पडद्याआड कोण आहे हे न बघताच तो तलवार खुपसतो. ईडिपसने बापाला मारलं आणि आईशी लग्न केलं ते नाटक सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी, आणि दोन्ही नकळत. मग त्याचा ‘दोष’ कोणता धरायचा?

तर हा दोष म्हणजे स्वभाव की कृती? संहिता समोर ठेवून तो शोधायची काही पद्धत आहे का, ‘मला असं वाटतं’च्या पलीकडे जाणारी? आणि नवीन शोकांतिका लिहायची झाली तर नायकात तो कुठे आणि किती पेरायचा?

---

पोथी_आणि_प्रयोग:

पहिला प्रश्न आधी घेऊ, कारण पुढचे दोन्ही त्यावर उभे आहेत.

ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्राच्या तेराव्या प्रकरणात शोकनायक कसा असावा हे वजाबाकी करत करत ठरवलं आहे. निखळ सज्जन माणूस सुखातून दुःखात ढकलला गेला तर प्रेक्षकाचं मन विटतं. दुष्ट माणूस दुःखातून सुखात गेला तर त्यात शोकांतिकेचा अंशही नाही. नीच माणसाचा नाश झाला तर न्याय झाल्याचं समाधान मिळतं, पण करुणा वाटत नाही आणि भीतीही वाटत नाही. करुणा वाटते ती लायकीपेक्षा जास्त भोगणाऱ्याबद्दल, आणि भीती वाटते ती आपल्यासारख्याच कोणावर घाला पडलेला पाहून. उरतो तो मधला माणूस. गुणांनी फार वरचढ नाही, दुष्टही नाही, आणि एका ‘हमार्तिया’मुळे, म्हणजे प्रमादामुळे कोसळणारा.

या मांडणीत प्रमादाचं माप दडलेलं आहे. तो एवढा मोठा असेल की ‘बरं झालं, केलं ते भोगलं’ असं वाटावं, तर करुणा संपली. एवढा किरकोळ असेल की नाशाचं कारणच दिसू नये, तर नुसता धक्का उरला. त्याच्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात इजेच्या पायऱ्या आहेत. कोणालाही अंदाज आला नसता अशी इजा म्हणजे दुर्दैव. अंदाज येऊ शकला असता, पण मनात खोट नव्हती, तर ती चूक. आणि ठरवून, जाणूनबुजून केली तर तो माणूसच अन्यायी. काव्यशास्त्रातला प्रमाद यातल्या मधल्या पायरीच्या आसपास ठेवला की बरंच काही उलगडतं.

आता ईडिपस. एक प्रयोग करून बघा: नाटकातला त्याचा राग काढून टाका. टायरेसियस या आंधळ्या भविष्यवेत्त्याशी तो शांतपणे बोलतो, मेहुणा क्रिऑनवर कटाचा आळ घेत नाही, असं समजा. शेवट बदलतो का? त्याच्या थीब्ज नगरात साथ चालूच आहे. आधीचा राजा लायसचा मारेकरी शोधा असा डेल्फीचा कौल आहेच. लायस मारला गेला त्या हाणामारीतून वाचलेला एकमेव नोकर जिवंत आहे आणि कॉरिंथचा दूत वाटेवर आहे. सत्य बाहेर येणारच. रागामुळे फार तर टायरेसियसचं बोलणं खोटं ठरवलं जातं आणि उलगडा लांबतो.

मग दुसरी गोष्ट काढा: शोध तडीस नेण्याचा हट्ट. आता थांब, म्हणून राणी जोकास्टा त्याला विनवते. म्हातारा मेंढपाळ तोंड उघडायला तयार नसतो. दोन्ही वेळा ईडिपस रेटतो. हा हट्ट काढला की नाटक जागच्या जागी बंद पडतं. पण याला दोष म्हणता येत नाही. शहर साथीने मरत असताना राजाने हेच करायला हवं, आणि स्फिंक्सचं कोडं सोडवून त्याने राज्य मिळवलं तेही याच स्वभावाने. त्याचा खरा प्रमाद तीन वाटा मिळतात त्या जागी घडून गेला आहे. समोरचा कोण हे न जाणता झालेली हत्या, आणि त्यामागोमाग आलेलं लग्न. रंगमंचावर दिसतो तो त्या प्रमादाचा शोध. ई. आर. डॉड्झ यांनी १९६६ मध्ये यावर एक निबंध लिहिला. ईडिपसला स्वभावदोषाची शिक्षा मिळते हे वाचन संहितेतून निघत नाही, हे त्यांनी त्यात स्वच्छ दाखवलं आहे.

स्वभावातली उणीव या अर्थाने ‘दोष’ रुजला त्यात शेक्सपिअरच्या वाचनाचा वाटा मोठा आहे. ए. सी. ब्रॅडली यांचं १९०४ सालचं विवेचन आजही वाचण्यासारखं आहे. त्यांच्या मते नायक आपलं सगळं अस्तित्व एकाच ध्यासाशी, एकाच मनोवृत्तीशी बांधून टाकतो. त्याचा मोठेपणा याच एकांगीपणात असतो आणि नाशही त्यातूनच येतो. म्हणून ग्रीक नाटकाला आधी कृती विचारावी आणि शेक्सपिअरला त्या कृतीमागची सवय. दोघांना एकाच तक्त्यात बसवलं की दोघांवरही अन्याय होतो.

---

अंक_प्रवेश:

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. पद्धत आहे, आणि ती कोरडी वाटली तरी फळ देते. विशेषणं बाजूला ठेवा आणि नायकाचे फक्त निर्णय लिहून काढा. प्रत्येक निर्णयापुढे दोन गोष्टी लिहा: त्या क्षणी दुसरा मार्ग कोणी सुचवला, आणि नायकाने तो कोणतं कारण देऊन मोडून काढला. सर्वांत उपयोगी रकाना हा शेवटचा.

ज्यूलियस सीझरमधला ब्रूटस घ्या. अंक २, प्रवेश १ मध्ये सीझरला मारण्याच्या कटातला त्याचा साथीदार कॅशियस म्हणतो, शपथ घेऊ या. ब्रूटस म्हणतो, प्रामाणिक हेतूला शपथ कशाला? कॅशियस म्हणतो, सिसरोला घेऊ. ब्रूटस म्हणतो, दुसऱ्याने सुरू केलेल्या कामात तो येणार नाही. कॅशियस म्हणतो, सीझरबरोबर त्याचा मित्र अँटनीलाही संपवू. ब्रूटस म्हणतो, आपण यज्ञ करणारे आहोत, खाटीक नाही. अंक ३, प्रवेश १: अँटनीला अंत्ययात्रेत बोलू देऊ नकोस, असं कॅशियस त्याला बाजूला घेऊन बजावतो. ब्रूटस म्हणतो, मी आधी बोलेन, कारण समजावून सांगेन, मग काय बिघडणार? अंक ४, प्रवेश ३: कॅशियसला वाटतं, शत्रूला आपल्याकडे येऊ द्यावं, तोच चालून चालून थकेल. ब्रूटस फिलिपीला कूच करायला लावतो. अंक ५, प्रवेश ३: त्याने हल्ल्याची खूण घाईने दिली, असं टिटिनियस सांगतो.

आता शेवटचा रकाना वरून खाली वाचा. सिसरो आणि फिलिपी इथे कारण व्यवहाराचं आहे, बाकी ठिकाणी तत्त्वाचं. पण सूर एकच: मला पटलेलं कारण ऐकलं की सगळ्यांना पटेल. आपल्यासारखा विचार न करणारी माणसं जगात आहेत, हा हिशेबच त्याच्याकडे नाही. अँटनी बोलायला उभा राहतो तेव्हा ब्रूटस तिथून निघून गेलेला असतो, आणि जमावाने थांबून ऐकावं असं त्यानेच सांगितलेलं असतं. हे एका विशेषणात मावत नाही. ‘आदर्शवादी’ म्हटलं की अर्धं निसटतं.

आणखी एक गोष्ट तपासायची: हीच सवय आधी त्याच्या कामी आली होती का? अंक १, प्रवेश ३ मध्ये कटातलाच कॅस्का म्हणतो की ब्रूटस लोकांच्या मनात फार उंच बसला आहे. आपण केलं तर गुन्हा वाटेल तेच त्याच्या नुसत्या असण्याने पुण्य वाटेल. कटाला तो हवा असतो तो याच निष्कलंकपणासाठी, आणि कट बुडतो तोही यानेच. हा दुवा जुळला तर बोट बरोबर जागी आहे असं समजावं.

ही पद्धत फसते ती बहुधा तीन ठिकाणी. दुसऱ्या पात्रांनी केलेले आरोप पुरावा म्हणून धरले जातात. आरोप करणाराचा स्वार्थ तपासल्याशिवाय ते वापरू नयेत. नायकाने स्वतःचं केलेलं निदान अंतिम मानलं जातं. मॅकबेथ ‘उडी मारणारी महत्त्वाकांक्षा’ म्हणतो ते अंक १, प्रवेश ७ मधलं स्वगत पूर्ण वाचा: त्यात बहुतेक कारणं खून न करण्याची आहेत, आणि ते संपताच तो बायकोला सांगतो की हे प्रकरण इथेच थांबवू. आणि तिसरं, पडल्यानंतरचं वागणं दोषात मोजलं जातं. लिअरचं वेड हा परिणाम आहे. तो कारणाच्या यादीत घुसला की गणित उलटं होतं.

---

दुसरा_कोरस:

वरच्या पद्धतीला एक जोड. तोच दोष आधी लहान प्रमाणात कुठे दिसतो ते शोधा. चांगल्या नाटककाराने तो एकदा स्वस्तात दाखवलेला असतो, मग महागात.

ऑथेल्लोचं मत्सरी असणं अंक ३, प्रवेश ३ च्या आधी कुठेच दिसत नाही. उलट तो शांत, भारदस्त आहे. पण अंक २, प्रवेश ३ मधली रात्र पाहा. सायप्रसमध्ये दंगा होतो, माँटॅनो जखमी पडतो. ऑथेल्लो येतो, विचारतो, त्याचा अधिकारी कॅशिओ शरमेने बोलू शकत नाही, आणि मनात डाव असलेला हाताखालचा इयागो आढेवेढे घेत हकीकत सांगतो. एवढ्या एका साक्षीवर तो आपल्या आवडत्या अधिकाऱ्याला त्याच जागी पदावरून काढतो. रणांगणावर असा झटपट निकाल हाच सेनापतीचा गुण. पुढच्या अंकात बायको डेस्डिमोनावर संशय येतो तेव्हा हीच रीत तो घरात आणतो. साक्षीदार तोच, आढेवेढे तेच, निकाल तसाच तडकाफडकी. ‘आधी पाहीन, मग संशय घेईन, संशय आला तर पुरावा मागेन’ असं त्या प्रवेशात म्हणणारा माणूस तोच प्रवेश संपेपर्यंत गुडघ्यावर बसून सूडाची शपथ घेतो. संशयाच्या स्थितीत राहणंच त्याला जमत नाही, निकाल लागलाच पाहिजे. डेस्डिमोनाचा रुमाल ही फक्त त्या घाईला मिळालेली सबब.

लिअरमध्ये हे आणखी उघड आहे, आणि माझ्या मते साऱ्या शेक्सपिअरमध्ये याहून नेमका दुवा नाही. अंक १, प्रवेश १: तो मुलींना विचारतो, माझ्यावर कोण किती प्रेम करतं सांगा, त्या मापाने राज्य देतो. प्रेम मोजता येतं, शब्दात आणि जमिनीत, हे त्याचं गृहीत. धाकटी कॉर्डेलिया ते माप नाकारते आणि हाकलली जाते. त्याला समजावायला गेलेला उमराव केंटही तिच्यामागोमाग हद्दपार होतो. अंक २, प्रवेश ४: राखून ठेवलेल्या १०० सरदारांवरून घासाघीस चालते. थोरल्या गॉनरिलने ५० म्हटलेले, मधली रीगन २५ म्हणते. तेव्हा लिअर गॉनरिलकडे वळून म्हणतो, तुझ्याकडे येतो, तुझे पन्नास हे पंचवीसच्या दुप्पट, म्हणजे तुझं प्रेम तिच्या दुप्पट. राज्य गेलं, मान गेला, तरी मोजपट्टी तीच हातात आहे. आणि मुली तीच पट्टी त्याच्यावर उलटवतात: पंचवीस तरी कशाला, दहा कशाला, पाच कशाला, आणि शेवटी रीगनचं, ‘एकाची तरी गरज काय?’ यानंतरच तो वादळात बाहेर पडतो.

‘अहंकार’ एवढंच लिहिलं तर पहिल्या प्रवेशाचं स्पष्टीकरण मिळतं, दुसऱ्या अंकातल्या या वाक्याचं मिळत नाही.

---

तिसरी_घंटा:

ब्रूटस आणि लिअर दोन्ही पटले. हीच रीत मॅकबेथ आणि हॅम्लेटला लावली तर काय निघतं? मॅकबेथमध्ये दुसरा मार्ग सुचवणारं तसं कोणीच नाही, लेडी मॅकबेथ तर उलट ढकलते.

---

अंक_प्रवेश:

मॅकबेथमध्ये दुसरा मार्ग सुचवणारा तो स्वतःच आहे, म्हणूनच तो भयंकर आहे. तिथे रकाना थोडा बदला: विचार मनात आल्यापासून कृतीपर्यंत किती अंतर, आणि खुनाने हाती काय लागलं.

राजा डंकनचा खून पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात मनात येतो आणि दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात होतो. मध्ये पत्र आहे, चर्चा आहे, एकदा पूर्ण माघार आहे. हाती लागतं राज्य. पहारेकऱ्यांना मारणं ऐनवेळचं, कोणाला न विचारता. बँकोच्या वेळी बायकोलाही सांगत नाही, मारेकरी ठरवून मोकळा होतो. हाती अर्धंच लागतं, कारण बँकोचा मुलगा फ्लीअन्स निसटतो. अंक ४, प्रवेश १: सरदार मॅकडफ इंग्लंडला पळाला हे कळताच तो म्हणतो की यापुढे मनात येईल ते त्याच क्षणी हात करेल, आणि मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल होते. मॅकडफ तिथे नाहीच. हाती काहीही लागत नाही, उलट एक कट्टर शत्रू तयार होतो. अंतर कमी होत जातं आणि त्याबरोबर फायदाही आटत जातो. महत्त्वाकांक्षा फार तर पहिल्या खुनाचं कारण. पुढचे सगळे खून अनिश्चितता सहन न होण्याचे आहेत. बँको आणि त्याच्यात फरक आहे तो इथे. भाकीत दोघांनाही ऐकू आलं. न कळलेलं न कळलेलंच ठेवून बँको झोपायचा प्रयत्न करतो, दुष्ट विचारांना आवर मिळावा अशी प्रार्थना करतो.

आणि ही सवय आधी गुण होती का? अंक १, प्रवेश २ वाचा. जखमी सैनिक सांगतो की मॅकबेथ वाट कापत बंडखोरापर्यंत गेला आणि काही न बोलता त्याला उभा चिरला. राजा वाहवा करतो.

हॅम्लेटमध्ये दोन प्रवेश शेजारी ठेवायचे. अंक ३, प्रवेश ३: बापाचा खुनी काका क्लॉडियस एकटा, पाठमोरा, प्रार्थनेत. हॅम्लेट तलवार काढतो आणि थांबतो, कारण प्रार्थनेत मेला तर स्वर्गात जाईल. लगेच पुढचा प्रवेश: पडद्याआड आवाज, आणि वार. विचाराला वेळ मिळाला की तो कृतीची अट वाढवत नेतो. आधी नुसता सूड हवा होता, मग बापाच्या भुताच्या बोलण्याची खातरजमा हवी, मग शत्रूचा आत्माही नरकात जायला हवा. वेळ मिळाला नाही की हात सरळ चालतो. हॅम्लेट निघून गेल्यावर क्लॉडियस म्हणतो की शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. प्रार्थना साधलीच नव्हती. म्हणजे तेव्हा वार केला असता तर हॅम्लेटची अटही पुरी झाली असती. आणि चुकीच्या माणसावर, पोलोनियसवर, झालेल्या वाराने त्याचा मुलगा लेअर्टिस हा दुसरा सूडकरी उभा राहतो, ज्याच्या विषारी तलवारीने शेवट होतो.

पडताळ्याची एक जुनी युक्ती: दोघांची अदलाबदल करा. हॅम्लेट ऑथेल्लोच्या जागी ठेवला तर इयागोचे डाव त्याने ओळखले असते. ऑथेल्लो एल्सिनोरला, हॅम्लेटच्या जागी, असता तर भुताचं ऐकून त्याच रात्री निकाल लावला असता. दोष परिस्थितीशी जुळतो तेव्हाच घातक होतो.

---

पोथी_आणि_प्रयोग:

ग्रीकांकडे परत येऊन दोन गोष्टी, कारण या हमखास चुकतात.

पहिली: सोफोक्लीजच्या ॲन्टिगनीत कोसळणारा माणूस क्रिऑन आहे, भावाच्या प्रेताला माती देणाऱ्या ॲन्टिगनीला गुहेत कोंडणारा राजा, आणि त्याचा अडेलपणा हे अर्धंच उत्तर आहे, कारण तो शेवटी नमतो. टायरेसियस बजावून जातो, क्रिऑन हादरतो, कोरसला विचारतो काय करू. कोरस क्रम लावून सांगतो: आधी मुलीला गुहेतून सोडव, मग उघड्यावर पडलेल्या प्रेतासाठी थडगं बांध. क्रिऑन निघतो आणि, दूताच्या हकिगतीनुसार, आधी प्रेताकडे जातो. धुणं, प्रार्थना, दहन, मातीचा ढीग, सगळं विधिवत. मग गुहा. तोवर ॲन्टिगनीने गळफास घेतलेला असतो, क्रिऑनचा मुलगा हेमन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो आणि तो स्वतःलाच भोसकतो. बातमी कळताच राणी युरिडिसी जीव देते. क्रिऑनला नियम आधी आणि माणूस नंतर दिसतो. चूक दुरुस्त करतानाही त्याच क्रमाने जातो. हुकूम मागे घेणारा माणूस तीच चूक पुन्हा करतो, हे यातलं सर्वांत मार्मिक.

दुसरी: खूण आणि कारण यांची गल्लत. एस्किलसच्या ॲगॅमेम्नॉनमध्ये (इ.स.पू. ४५८) राजा जांभळ्या वस्त्रांवरून चालत महालात जातो. देवांना चढेल वाटेल असं वागणं, हे त्याला स्वतःलाही कळतं, म्हणून आधी नकार देतो, पायातलं काढायला लावतो. पण तो त्यामुळे मरत नाही. राणी क्लायटेम्नेस्ट्राची तयारी झालेलीच आहे, आणि तिचं कारण त्याने ऑलिस इथे दिलेला मुलगी इफिजेनियाचा बळी आहे. वस्त्रांवरची चाल प्रेक्षकाला दाखवते की लोकांसमोर दबाव आला की हा माणूस मनाविरुद्धही कसा झुकतो. ऑलिसलाही तेच झालं होतं. निर्णयांच्या यादीत तिला खूण म्हणून नोंदवा, मूळ प्रमाद म्हणून नको.

---

नेपथ्यातून:

लिहिणाऱ्यासाठी, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

दोष पेरायला सुरुवात त्याच्या यशापासून करा. पहिल्या अंकातच, शक्यतो नायक रंगमंचावर येण्याआधी कोणाच्या तरी तोंडून, ती सवय जिंकताना दिसू द्या. दुसऱ्यांदा ती लहानशा, भरून निघण्यासारख्या बाबतीत चुकू द्या. तिसऱ्यांदा ती न परतणाऱ्या कृतीत उतरते, आणि ही जागा नाटकाच्या मध्याच्या आसपास हवी. फार उशिरा ठेवली तर परिणाम दाखवायला वेळ उरत नाही आणि शेवट कोसळल्यासारखा वाटतो. फार लवकर ठेवली तर उरलेलं नाटक नुसतं सोसणं होऊन बसतं. लिअरने ती पहिल्याच प्रवेशात ठेवली आहे, पण त्याची भरपाई म्हणून ग्लॉस्टर आणि त्याच्या दोन मुलांचं समांतर कथानक लागलं. तेवढा पल्ला असेल तरच तो मार्ग घ्यावा.

बजावणारं एक पात्र हवंच, आणि त्याचं म्हणणं बरोबर असूनही झटकता येण्यासारखं हवं. केंट फार फटकळ बोलतो, टायरेसियस कोड्यात बोलतो, कॅशियसच्या मनात हेवा आहे. बजावणारा सर्वगुणसंपन्न केला तर नायक मूर्ख ठरतो.

खलनायकाचं प्रमाण सांभाळा. सगळं इयागोनेच केलं तर ऑथेल्लो बळी ठरतो, नायक उरत नाही. म्हणून खरं काय ते तपासण्याची निदान एक संधी नायकाच्या हाती द्या आणि ती त्याच सवयीमुळे वाया जाऊ द्या. अंक ४, प्रवेश २ मध्ये ऑथेल्लो डेस्डिमोनाची दासी इमिलियाला खोदून विचारतो, ती काहीही घडलं नाही म्हणून स्पष्ट सांगते, आणि तो तिलाच कुंटणीण ठरवून मोकळा होतो. हा प्रवेश नसता तर दोष त्याचा राहिला नसता.

शेवटी उमज. मरणाच्या आधी नायकाला कळलं पाहिजे, आणि कळल्यानंतर जगायला थोडा वेळ मिळाला पाहिजे. कळणं आणि मरणं एका वाक्यात उरकलं तर करुणा तयार व्हायला जागाच मिळत नाही.

मराठीत अभ्यासायला एकच प्याला (१९१९) घ्या. दारू हा सुधाकरचा दोष मानला तर ते व्यसनमुक्तीचं नाटक होतं. पण प्याला हाती येतो तो कोर्टातल्या अपमानानंतर, सनद काढून घेतली जाते तेव्हा. पुढे तो दारू सोडून कामासाठी दारोदार जातो, पुन्हा अपमान होतो, पुन्हा प्याला. दोन्ही घसरणींच्या आधी तीच जखम आहे. अपमान गिळता न येणं हा त्याचा स्वभाव, आणि तोच स्वभाव त्याला मानी, हुशार वकील म्हणून उभा करतो. तळीराम फक्त पेला पुढे करतो.

---

विरुद्ध_बाजू:

सगळ्यांचा दोष निघालाच पाहिजे, या आग्रहाला विरोध नोंदवते. हेगेलच्या वाचनात ॲन्टिगनीतला संघर्ष दोन खऱ्या हक्कांचा आहे, घरच्या मृतांचा आणि राज्याचा. त्यात ॲन्टिगनीचा ‘हट्टीपणा’ दोष म्हणून मांडणं म्हणजे तिच्या बाजूचं वजन कमी करणं. युरिपिडीजचा हिपोलिटस (इ.स.पू. ४२८) घ्या. त्याने दाईला वचन दिलेलं आहे म्हणून तो सावत्र आईबद्दल बापाला खरं सांगत नाही, आणि वचन पाळल्यामुळेच मरतो. तिथे निर्णयांची यादी केली तर घाईचा निर्णय बापाचा, थीसियसचा निघतो. तो पुराव्याला, भविष्यवेत्त्यांना, काळाला थांबला नाही, असं देवी आर्टेमिस त्याला तोंडावर सांगते. पडतो एक आणि प्रमाद दुसऱ्याचा, असंही घडतं.

संस्कृतात भासाचा कर्णभार तर या चौकटीबाहेर उभा आहे. इंद्र ब्राह्मणवेषात येतो. कर्ण गाई देऊ करतो, घोडे, हत्ती, सोनं, पृथ्वी, यज्ञाचं फळ, शेवटी स्वतःचं मस्तक. प्रत्येकाला नकार मिळतो. मग कवचकुंडलं. सारथी शल्य अडवतो, देऊ नकोस म्हणतो. कर्ण तरीही देतो.

---

अंक_प्रवेश:

कर्णभाराला निर्णयांची यादी लावली तर चौकटीबाहेरचं का, ते नेमकं दिसतं. शल्य हा बजावणारा आहे, पर्याय स्पष्ट आहे, नकाराचं कारणही आहे: दिलेलं आणि होमात अर्पण केलेलं तेवढंच टिकतं. इथवर सगळं ब्रूटससारखं. पण पुढचा, नायकाला काय कळलं नव्हतं हा रकाना रिकामा राहतो, कारण कर्णापासून काहीच लपलेलं नाही. ऐनवेळी अस्त्रं निष्फळ ठरतील हा परशुरामाचा शाप त्याने दान देण्याच्या आधीच शल्याला सांगितलेला असतो. फसवलं गेल्याचं कळल्यावरही तो पस्तावत नाही. उलट बदल्यात आलेली शक्ती आधी नाकारतो, दिलेल्या दानाचा मोबदला घेत नाही म्हणून, आणि ब्राह्मणाचा शब्द म्हटल्यावरच स्वीकारतो. अज्ञान नाही म्हणून उलगडा नाही, उलगडा नाही म्हणून कलाटणीही नाही. तो शल्याला रथ अर्जुनाकडे न्यायला सांगतो आणि नाटक तिथेच संपतं, मृत्यू दाखवण्याची गरजच भासाला वाटलेली नाही.